टेस्टर लावल्याशिवाय

४ फेब्रुवारी

शिवणकारखाना बंद झाला त्याला आज महिना झाला. अकरा वर्षं एकाच खिडकीपाशी, एकाच मशीनवर बसले. आता सकाळी नऊ वाजले की पाय उगाच पायडल शोधतात. नवरा जहाजावर आचारी आहे, अजून पाच महिने येणार नाही. त्याला फोनवर सांगितलं, "बरी आहे." बरी नाहीये.

आज चहा पिता पिता सासरे म्हणाले, "माझ्याबरोबर कामाला येतेस का? वायरिंग शिकवतो."

मला वाटलं चेष्टा करतायत. त्यांना मी बाबा म्हणते. चौतीस वर्षं वायरमनचं काम करतायत. खिशात कायम टेस्टर, म्हणून सगळी गल्ली त्यांना टेस्टरकाका म्हणते. मी म्हटलं, "बाबा, मला साधा बल्ब बदलायची भीती वाटते."

"मग चांगलं आहे. ज्याला भीती वाटत नाही त्याला मी शिकवत नाही."

सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी बाबांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "घेऊन जा तिला. बरंच होईल." म्हणजे मी दिवसभर घरात त्यांच्या पायात पायात येते, असं दिसतंय. कळलं मला.

६ फेब्रुवारी

स्वयंपाकघराच्या टेबलावर शाळा भरली. एक बॅटरीचा सेल, टॉर्चचा बल्ब आणि हातभर वायर. बाबा म्हणाले, "पेटव."

मी वायरीचं एक टोक सेलला लावलं, दुसरं बल्बच्या बुडाला. काही नाही. दोन-तीनदा उलटसुलट केलं. बल्ब मख्ख. बाबा शांतपणे शेंगदाणे खात होते. शेवटी मी कंटाळून म्हटलं, "सेल संपलाय."

"सेल नवा आहे. करंट गेला तर खरा, पण परत कुठून येणार? त्याला जायला जशी वाट लागते तशी यायलाही लागते. वाट पुरी झाली नाही तर तो घराबाहेर पाऊलच टाकत नाही."

मग डोक्यात प्रकाश पडला. शिलाई मशीनला वरचा दोरा एकटा काही शिवत नाही. खालून बॉबिनचा दोरा यायला लागतो, तेव्हा टाका पडतो. मी दुसरी वायर मागितली, बल्बच्या कडेला लावून सेलच्या दुसऱ्या टोकाला नेली. पेटला!

दोऱ्याचं बाबांना सांगितलं, तर ते शेंगदाणा तोंडात धरून थांबले. म्हणाले, "चौतीस वर्षांत मला हे सुचलं नाही." मी दिवसभर तरंगत होते.

११ फेब्रुवारी

आज दोन बल्ब. आधी एकामागोमाग एक जोडले. दोन्ही मिणमिणते. एक काढला की दुसराही गेला. हा आपला साखळी टाका, एक दोरा ओढला की सगळी शिवण उसवते. मग दोघांना वेगवेगळ्या वायरी दिल्या. दोन्ही झक्क पेटले, आणि एक काढला तरी दुसऱ्याला पत्ता नाही. ही शर्टाची बटणं, एक तुटलं म्हणून बाकीची गळत नाहीत. घरातले दिवे, पंखे असे बटणांसारखे जोडतात.

फ्यूजही दाखवला. सगळ्या वाटेत मुद्दाम ठेवलेली सगळ्यात बारीक तार. भार जास्त झाला की आधी ती वितळते आणि घर वाचतं. मी म्हटलं, बिचारी. बाबा म्हणाले, "बिचारी कसली? घरात सगळ्यात मान तिला हवा."

संध्याकाळी बाजारातून येताना बाबांनी भाजी आणली. टोमॅटो अर्धे कच्चे. सासूबाई नेहमीसारख्या पुटपुटल्या, "हातानं दाबून बघत जा म्हणून किती वेळा सांगितलं." एवढा हुशार माणूस, पण बाजारात गेला की भोळा सांब.

२० फेब्रुवारी

पहिलं खरं काम. शेजारच्या निवृत्त शिक्षिकाबाईंचा बल्ब बदलताना त्यांना झटका बसला होता. त्या बाबांवरच चिडल्या होत्या. "बटण बंद होतं हो! मी काय वेडी आहे?"

बाबांनी बटण बंद केलं, बल्ब काढला आणि होल्डरला टेस्टर लावला. टेस्टर पेटला! बटण बंद असूनही होल्डरमध्ये करंट. ज्याने वायरिंग केलं त्याने बटण करंट आणणाऱ्या फेजच्या वायरीवर बसवायचं सोडून परतीच्या न्यूट्रलवर बसवलं होतं. वाट तुटते, बल्ब विझतो, पण करंट दारात दबा धरून बसलेला असतो. विझलेला दिवा म्हणजे सुरक्षित दिवा, असं मी जन्मभर समजत होते.

मेन बंद करून बाबांनी बदल केला. त्यांची पद्धत बघण्यासारखी आहे. टेस्टर आधी चालू प्लगमध्ये लावून तो खरं बोलतोय ना हे बघतात. मग वायरीला लावतात. मग परत प्लगला. प्रत्येक वायर, प्रत्येक वेळी. वायरीच्या टोकांवर चिकटपट्टीचे वेढे देतात. फेजला एक, न्यूट्रलला दोन, अर्थिंगला तीन. मी म्हटलं, "बाबा, रंग आहेत ना वायरींना?"

"रंग वायरीला असतो. करंटला नसतो."

काय वाक्य आहे! रस्ताभर मनात घोळवत आले.

३ मार्च

वायरमनच्या परवान्याच्या वर्गाला नाव घातलं. आठवड्यातून तीन संध्याकाळी. एकवीस पुरुष आणि मी. सरांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलं, तांबडी फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. म्हणाले, हे झोपेतही विसरायचं नाही.

मी बाबांचं वाक्य सांगितलं. वर्ग हसला. सर म्हणाले, "तुमच्या सासऱ्यांना म्हणावं, रंग उगाच नाही ठेवलेत." कान तापले. घरी येऊन बाबांना सांगितलं तेव्हा वाटलं, चिडतील. ते फक्त म्हणाले, "सर बरोबर आहेत. तू रंगही शीक आणि टेस्टरही सोडू नको." मोठ्या माणसाचं मन हे असं असतं.

९ मार्च

विजेच्या सामानाच्या दुकानात गेलो होतो. बाबा दुकानदाराला म्हणाले, "तांबडीचं एक बंडल, हिरवीचं एक." दुकानदाराने काउंटरवर ठेवली. तेवढ्यात बाबा माझ्याकडे वळले, "यातली हिरवी तू धर, तांबडी मी घेतो." मी हिरवी उचलली. उरलेली त्यांनी घेतली. सासूबाई बरोबर असल्या की हेच काम त्या करतात. घरात त्यांचा फार कारभार. बाबांचे शर्टसुद्धा त्याच काढून ठेवतात. मला तर वाटतं, बाबांनी कधी स्वतःच्या मनाने मोजेही घातले नसतील.

आज गप्पांत कळलं की लग्नानंतर पहिली दहा वर्षं सासूबाई डबा घेऊन बाबांबरोबर कामावर जायच्या आणि दिवसभर तिथंच बसायच्या. मी विचारलं, "काय करायचात?" म्हणाल्या, "काही नाही. बसायचे." नवऱ्यावर इतकी पाळत! आपल्याच्याने झालं नसतं.

१८ मार्च

अर्थिंग आज नीट समजलं. ही तिसरी वायर रोज काहीच करत नाही. नुसती यंत्राच्या पत्र्याला जोडलेली असते. पण ज्या दिवशी आत काही बिघडतं आणि करंट पत्र्यावर येतो, त्या दिवशी ती त्याला सरळ जमिनीची वाट दाखवते. नाहीतर तो हात लावणाऱ्या माणसातून जमीन गाठतो. बाबा म्हणाले, "वर्षानुवर्षं ती नुसती बसून असते म्हणून लोक तिला कापून टाकतात. आणि मग एक दिवस रडतात."

२७ मार्च

आजचं आजच लिहून ठेवते.

पलीकडच्या रस्त्यावर मोठी लाँड्री आहे, दवाखान्यांच्या चादरी धुते. आठ बाया कामाला. मालकीणबाईंनी निरोप पाठवला होता की मोठ्या धुलाईयंत्राला हात लावला की झिणझिण्या येतात. खाली कायम ओली फरशी. बाबा ऐकताच उठले.

बायांना बाहेर काढलं. बाबांनी मेन बंद केला आणि फ्यूज काढून माझ्या हातात दिला. "खिशात ठेव. तुझ्या खिशात आहे तोवर कोणी चालू करू शकत नाही." यंत्रामागची पेटी मी उघडली. आत जाळी, धूळ आणि एक सुटलेली हिरवी वायर. पत्र्यावरचा अर्थिंगचा स्क्रू रिकामा. मला इतका आनंद झाला! बाबांच्या आधी मला सापडलं. अर्थिंग निसटलीय, जोडली की संपलं. मी वायर धरायला हात पुढे केला.

"हात मागे!"

इतक्या वर्षांत बाबांचा तसा आवाज मी ऐकला नव्हता. मी दगडासारखी थांबले.

"मेन बंद आहे बाबा. फ्यूज माझ्याकडे..."

"टेस्टर लावलास?"

नव्हता लावला. बाबा पुढे आले. त्यांच्याकडे करंट बघायचा दोन वायरींचा दिवा असतो. त्याचं एक टोक त्यांनी नळाच्या लोखंडी पाइपाला टेकवलं, दुसरं त्या वायरीला. दिवा भक्कन पेटला.

बाबांनी त्या वायरीचा माग काढला. मागच्या खोलीत दुसरा बोर्ड होता, त्याची मेन वेगळी. कधीतरी कोणीतरी तिथून इकडे लाइन ओढली होती आणि हाताशी हिरवी वायर होती म्हणून तीच फेजला वापरली. नंतर ती तशीच उघडी सोडून दिली. खरी अर्थिंग यंत्राखाली गंजून तुटून पडली होती आणि पाणी तापवायच्या कॉइलमधून करंट पत्र्यावर गळत होता. मी ती हिरवी त्या स्क्रूला जोडली असती, तर सगळं यंत्र करंटने जिवंत झालं असतं. ओली फरशी. आठ बाया. आणि त्यांच्या आधी मी.

दुसरा बोर्डही बंद केला. मी कशीबशी म्हणाले, "हिरवी होती हो बाबा. म्हणून मला वाटलं..."

बाबा वायरीकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. "हिरवी होती?"

"ही काय! समोर आहे."

ते उकिडवे बसून पेटी बंद करायला लागले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "मला ती तांबडी आहे की हिरवी, ते कळत नाही. लहानपणापासून नाही कळत."

२८ मार्च

काल पुढचं लिहवेना.

बाबांना तांबडा आणि हिरवा यातला फरक दिसत नाही. लहानपणी गवतात पडलेला लाल चेंडू बाकीची मुलं पळत जाऊन उचलायची, हे शेजारी उभे राहून शोधत बसायचे. लोक आंधळा म्हणून चिडवायचे. पुढे हे काम मिळालं, आवडलं. सांगितलं असतं तर गेलं असतं. म्हणून नाही सांगितलं. "मग प्रत्येक वायरीला विचारायची सवय लावून घेतली. माझ्यापुढे दुसरा इलाज नव्हता."

आणि सासूबाई? त्यांना पहिल्यापासून माहीत. लग्नानंतर बाबांनी त्यांना शाल आणली, "तुला आवडते तशी हिरवी" म्हणून. ती लालभडक होती. त्यांनी काही न बोलता दोन हिवाळे वापरली. मग तीन वर्षं नव्हे, पाच नव्हे, दहा वर्षं कामाच्या जागी डबा घेऊन बसल्या. बाबांनी वायर वर धरली की त्या भाजी निवडता निवडता हळूच सांगायच्या, तांबडी. हिरवी. टेस्टर आधी बोलायचा, त्या नंतर. दोघांचं जुळलं तरच स्क्रू आवळायचा.

आणि मी पाळत म्हणाले. ते पान फाडून टाकावंसं वाटलं. नाही फाडलं. राहू दे, मला लाज वाटायला हवी.

२९ मार्च

बाबांशी बोलत नाहीये. जीव वाचवला त्यांनी, तरी राग येतोय. चौतीस वर्षं लोकांच्या घरांत, शाळांत, पाळण्यावरच्या पंख्यांत यांनी हात घातला, आणि लोकांना ठाऊकच नव्हतं! एकदा जरी चुकले असते तर?

पण चुकले नाहीत. धड डोळ्यांनी मी चुकले, सात आठवड्यांतच. हे दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एकत्र मनात मावत नाही.

३१ मार्च

लाँड्रीच्या मालकीणबाई घरी आल्या. सगळ्या लाँड्रीचं वायरिंग नव्याने करायचंय, तुम्हीच करा म्हणाल्या. बाबांनी होही म्हटलं नाही, नाहीही. मी पाणी द्यायला गेले आणि पेला ठेवता ठेवता माझ्याच तोंडून निघालं, "बाबा, त्यांना सांगा."

सासूबाईंचा हात थांबला. मला वाटलं, आता माझं या घरात काही खरं नाही.

बाबांनी सांगितलं. सगळं. मान खाली घालून नाही, सरळ बसून. मी आजवर त्यांना किती कामं करताना पाहिलं, पण याहून अवघड काम पाहिलं नाही. शेवटी म्हणाले, "आता हे ऐकून काम दुसऱ्याला दिलंत तर तुमचं बरोबरच आहे."

मालकीणबाईंनी पेला बाजूला सरकवला. "माझ्या बाया तिथं उभ्या असतात हो. मला विचार करू द्या." आणि गेल्या.

सासूबाई उठून बाबांच्या शेजारी जाऊन बसल्या. "हलकं वाटतंय का?" त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, "नाही. भूक लागलीय." मग तिघंही हसलो. मी बोलायला लागले त्यांच्याशी.

४ एप्रिल

मालकीणबाईंचा निरोप नाही, त्या स्वतः आल्या. उंबऱ्यातूनच बोलल्या. "ती हिरवी वायर ज्याने टाकली, त्याचे डोळे धड होते ना?"

"असणारच," बाबा म्हणाले.

"मग नुसत्या डोळ्यांचा मला काय उपयोग?" आणि माझ्याकडे बोट केलं. "हिची परीक्षा होऊ दे. काम हिच्या नावावर, रंग ही बघेल. तुम्ही प्रत्येक वायर तपासायची. दोघांपैकी एकालाही शंका आली तर काम थांबवायचं. तोवर यंत्र बंद ठेवते."

काम माझ्या नावावर! मला घाम फुटला.

१९ एप्रिल

परीक्षा. जिन्याचं वायरिंग आलं, खाली एक बटण, वर एक बटण, दिवा एकच. कुठूनही लावा, कुठूनही विझवा. घरी पंधरा वेळा केलेलं. तरी प्रत्येक वायर तपासत बसले. बाकीचे उठून गेले, मी आपली टेस्टर लावतेय. परीक्षक घड्याळ बघून म्हणाले, "बाई, रंग दिलेत तुम्हाला."

"हो सर. बघितले. आता वायरीला विचारतेय."

ते हसले नाहीत. बाकावर टेकून बसले. शेवटचा दिवा माझा पेटला. "सावकाश आहात," एवढंच म्हणाले.

६ मे

पास! सर्वांत कमी गुणांनी नाही, सर्वांत जास्तही नाही. सासूबाईंनी गल्लीभर सांगितलं. बाबांनी कागद तीन वेळा वाचला.

२५ मे

अठरा दिवस लाँड्रीत. मी वायर वर धरते, मोठ्याने म्हणते, "तांबडी." बाबा टेस्टर लावतात, "फेज." मग स्क्रू. "काळी." "न्यूट्रल." "हिरवी." "अर्थिंग." आठही बायांना आता पाठ झालंय, चादरी घड्या घालता घालता त्याही बरोबर म्हणतात. बाबा मध्येच एखादी वायर पुन्हा उलगडायला लावतात. बहुतेक वेळा ठीक असते. एकदा नव्हती. चूक माझी होती.

३० मे

आज सरकारी निरीक्षक आले. सासूबाई सकाळपासून स्टुलावर येऊन बसल्या होत्या. निरीक्षकांनी मीटर लावून अर्थिंग मोजलं, पेट्या उघडून पाहिल्या, यंत्र चालू केलं. ढोल घुमायला लागला. सगळ्यांत जुन्या धुलाईवाल्या बाईंनी तळहात हळूच पत्र्यावर टेकवला, डोळे मिटून. मग उघडले. "काहीच नाही गं!" मग बाकीच्या सातही जणींनी रांगेत येऊन हात लावला, जणू यंत्राला ताप आहे की नाही ते बघतायत.

निरीक्षकांनी कागद पुढे केला. काम करणाऱ्याचं नाव. मी पेन बाबांकडे दिलं. त्यांनी त्या रकान्यात माझं नाव लिहिलं. खाली मदतनीस असा रकाना होता. तिथं स्वतःचं.

निरीक्षक चष्म्यावरून बघायला लागले. "मदतनीस? वय काय तुमचं?"

"चौसष्ट."

"आणि किती वर्षं आहात या कामात?"

बाबा म्हणाले, "यांच्याकडे आत्ताच लागलोय."

सासूबाईंना इतकं हसू आलं की स्टूल डगमगलं. बाबांनी मला 'यांच्याकडे' म्हटलं. मला हसू येईना, रडू येईना. निरीक्षक म्हणाले, "सही करा, बाई. पूर्ण नावाने." मी केली. कारखान्यात अकरा वर्षं नुसता अंगठ्याएवढा इंग्रजी फराटा मारायचे. आज पहिल्यांदा अख्खं नाव लिहिलं, मराठीत, सावकाश.

परत निघालो तेव्हा बाबांनी हत्यारांची पिशवी उचलली. जड असते. मी म्हटलं, "द्या इकडे, बाबा." ऐकेनात. दोन पावलं माझ्या मागे राहून चालत होते. पुन्हा मागितली, तर म्हणाले, "तुम्ही पुढे चला. मदतनीसाचं काम आहे ते."